ऑर्लेआँ : बूर्बाँ घराण्याची धाकटी पाती आणि तिचे कागद

ऑर्लेआँ घराण्याबद्दल मला विचारलेल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. फ्रान्सच्या ऑर्लेआँ घराण्याला बूर्बाँ राजघराण्याची धाकटी शाखा का म्हणतात. या शाखेने १८३० साली थोरल्या शाखेचे राज्य बळकावले असे म्हणावे काय. आणि आज अस्तित्वात नसलेल्या त्या गादीचा खरा दावेदार कोण. युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि हे तीनही प्रश्न वर्गात अनेकदा आले. विचारणाऱ्याला बहुधा कटकारस्थानाची कथा अपेक्षित असते. माझा अनुभव मात्र असा, की या घराण्याचा इतिहास त्याच्या कागदांतून, म्हणजे जमिनींच्या सनदा, त्यागपत्रे, बक्षीसपत्रे आणि जप्तीचे हुकूम यांतून, जास्त नीट उलगडतो. म्हणून उत्तर त्याच वाटेने देतो.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘ऑर्लीन्स’ म्हटले आहे तेच हे ऑर्लेआँ, आणि ते मुळात एका डचीचे, म्हणजे ड्यूकच्या मुलखाचे, नाव आहे. राजाच्या धाकट्या मुलाला किंवा भावाला ती डची द्यायची आणि त्याचा वंश खुंटला किंवा तो स्वतःच गादीवर आला की परत घ्यायची, असा प्रघात चौदाव्या शतकापासून होता. त्यामुळे ऑर्लेआँचे ड्यूक एकाच वंशाचे नाहीत. सहाव्या शार्लचा भाऊ लूई हा असाच एक ड्यूक होता. १४०७ साली पॅरिसच्या रस्त्यात त्याचा खून झाला आणि त्याचा नातू १४९८ साली बारावा लूई म्हणून राजा झाला. तेराव्या लूईचा भाऊ गास्ताँ हा आणखी एक. प्रश्नात ज्या घराण्याबद्दल विचारले आहे ते या सर्वांनंतरचे असून त्याचा मूळपुरुष म्हणजे चौदाव्या लूईचा एकुलता एक धाकटा भाऊ फिलिप. त्याचा जन्म १६४० चा. गास्ताँ १६६० साली वारला आणि पुढच्या वर्षी ऑर्लेआँची डची फिलिपकडे आली.

ही डची त्याला ज्या पद्धतीने मिळाली तिला फ्रेंचमध्ये ‘आपानाज’ म्हणतात. राजपुत्राने आपल्या इतमामाने राहावे म्हणून राज्यातून तोडून दिलेला हा मुलूख असे. त्याचे उत्पन्न राजपुत्राचे आणि त्याच्या पुरुषवंशजांचे. पण तो विकता येत नसे, मुलीकडे जात नसे आणि पुरुषवंश संपताच राजाकडे परत येई. १५६६ च्या मूलँच्या फर्मानाने राजमुकुटाची मालमत्ता विकता येत नाही हे तत्त्व पक्के केले, आणि आपानाज हा त्यातला मान्य अपवाद ठरला. मराठी वाचकाला हे वतनापेक्षा सरंजामाच्या जवळचे वाटेल, कारण उपभोग पिढ्यान्‌पिढ्या असला तरी मालकी सरकारचीच. फरक इतकाच, की सरंजामामागे चाकरी असते आणि आपानाजामागे काहीच काम नव्हते. हे काहीच काम नसणे पुढच्या दोनशे वर्षांत फार महत्त्वाचे ठरले.

फिलिपला लहानपणी मुलींचे कपडे घालत, त्याचे पुरुषमित्र कोण होते, हे लोकप्रिय लेखनात चवीने सांगितले जाते. मला त्याच्या आयुष्यातला एकच दिवस खरा बोलका वाटतो, तो म्हणजे ११ एप्रिल १६७७. त्या दिवशी कासेलच्या लढाईत त्याने ऑरेंजच्या विल्यमचा पराभव केला, आणि त्यानंतर चौदाव्या लूईने त्याला पुन्हा कधीही सैन्याचे सेनापतिपद दिले नाही. राजाच्या मनात गास्ताँचे उदाहरण ताजे असणार. गास्ताँने आपल्या थोरल्या भावाविरुद्ध, त्याच्या मंत्र्याविरुद्ध आणि पुढे फ्राँदच्या बंडाळीत एकामागून एक कारस्थाने केली होती. राजाचा भाऊ श्रीमंत असावा, दरबारात शोभावा, पण विजयी सेनापती नसावा, हे धोरण त्यातून आले. म्हणून फिलिपला सँ क्लूचा महाल वाढवता आला आणि पॅरिसमधले पॅले रॉयाल १६९२ साली मिळाले. राज्यकारभारात मात्र वाटा मिळाला नाही.

पॅले रॉयाल मिळण्यामागे एक लग्न होते. चौदाव्या लूईला माँतेस्पाँ या प्रेयसीपासून झालेल्या मुलांना त्याने औरस ठरवून घेतले होते, आणि त्यांपैकी एक मुलगी त्याने फिलिपच्या मुलाला दिली. फिलिपची दुसरी पत्नी लिझलॉट ही जर्मन राजकन्या कुलाभिमानी होती. मुलाने या लग्नाला होकार दिला म्हणून तिने त्याला भर दरबारात थप्पड मारली, अशी त्या काळची आठवण नोंदलेली आहे. अपमान खराच होता, पण त्याबरोबर संपत्ती आली. माँतेस्पाँचाच दुसरा वंश, म्हणजे पाँतिएव्रचे ड्यूक, यांची एकमेव वारस १७६९ साली पुन्हा ऑर्लेआँ घरात सून म्हणून आली आणि ऊ, ओमाल, द्रू इत्यादी जहागिरी त्या वाटेने या शाखेत आल्या. ही दुसरी संपत्ती आपानाज नव्हती, खाजगी मालकीची होती. सरकारकडे परत जाणारी मालमत्ता आणि स्वतःची मालमत्ता असे हे दोन खिसे वाचकाने लक्षात ठेवावेत.

आता दुसऱ्या कागदाकडे वळतो, कारण आजचा सगळा वाद त्यावर उभा आहे. चौदाव्या लूईचा एक नातू, आंजूचा ड्यूक, १७०० साली पाचवा फिलिप म्हणून स्पेनचा राजा झाला. फ्रान्स आणि स्पेन एका माणसाच्या हाती जाऊ नयेत म्हणून युरोपात बारा-तेरा वर्षे युद्ध झाले आणि उत्रेक्तच्या तहाने ते मिटले. त्या तहासाठी पाचव्या फिलिपने नोव्हेंबर १७१२ मध्ये स्वतःचा आणि आपल्या वंशजांचा फ्रान्सच्या गादीवरील हक्क सोडल्याचे लिहून दिले. उलट बाजूने ऑर्लेआँच्या ड्यूकने, म्हणजे मूळपुरुष फिलिपच्या मुलाने, स्पेनवरील हक्क सोडला. हा कागद लिहिला जात होता तेव्हा व्हर्सायमध्ये मृत्यूचे थैमान चालू होते. एप्रिल १७११ मध्ये युवराज गेला, फेब्रुवारी १७१२ मध्ये त्याचा मुलगा व सून, मार्चमध्ये त्यांचा थोरला मुलगा, आणि १७१४ मध्ये राजाचा आणखी एक नातू. उरला तो एक लहान पणतू. त्याच्यानंतर गादी कोणाची? रक्ताने पाहिले तर स्पेनच्या फिलिपची, कागदाने पाहिले तर ऑर्लेआँची. ऑर्लेआँच्या ड्यूकला रसायनशास्त्राचा नाद होता, तेवढ्यावरून त्याने सर्वांना विष घातल्याची अफवा पॅरिसभर झाली. तिला काहीही आधार नाही. बहुतेक मृत्यू देवी, गोवर यांसारख्या साथींनी झाले होते.

१ सप्टेंबर १७१५ ला चौदावा लूई वारला तेव्हा नवा राजा पाच वर्षांचा होता. मृत राजाने मृत्युपत्रात आपल्या औरस ठरवलेल्या मुलाकडे बालराजाचे पालकत्व देऊन ऑर्लेआँचे हात बांधले होते. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या उच्च न्यायसभेने, ते मृत्युपत्र बाजूला सारले आणि ऑर्लेआँचा हा ड्यूक पूर्ण अधिकाराने रीजंट, म्हणजे बालराजाच्या वतीने राज्य चालवणारा, झाला. मोबदल्यात त्याने न्यायसभेला राजाच्या फर्मानांवर आक्षेप घेण्याचा जुना हक्क परत दिला. पुढे पंधराव्या आणि सोळाव्या लूईला त्या हक्काने किती छळले हे क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक आहे. रीजंटचा कारभार जॉन लॉच्या कागदी चलनाच्या प्रयोगासाठी, आणि १७२० मध्ये तो कोसळल्यासाठी, प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स या शहराला १७१८ साली याच ड्यूकचे नाव मिळाले. गोवळकोंड्याच्या खाणींतून निघालेला आणि मद्रासच्या इंग्रज गव्हर्नर थॉमस पिटने विकत घेतलेला सुमारे १४० कॅरटचा हिरा त्याने १७१७ साली फ्रेंच राजासाठी घेतला, म्हणून त्या हिऱ्याला आजही ‘रीजंट’ म्हणतात. तो लूव्र संग्रहालयात आहे.

पण मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. विषप्रयोगाचा संशय ज्याच्यावर घेतला गेला, त्या माणसाच्या हाती आठ वर्षे एक अशक्त बालराजा होता आणि तो मेला असता तर कागदाप्रमाणे गादी त्याचीच होती. राजा जगला, वयात आला आणि रीजंटने राज्य त्याच्या हवाली केले. धाकटी शाखा पिढ्यान्‌पिढ्या गादीसाठी टपून होती, हा सिद्धांत इथेच लंगडा पडतो. रीजंटचा मुलगा तर इतका धर्मनिष्ठ निघाला, की तो मठात जाऊन राहिला. आणि नातवाला नाटकांची आवड होती.

या शांततेनंतर आला तो १७४७ साली जन्मलेला लूई फिलिप जोसेफ. १७८० नंतर कर्ज वाढल्यावर त्याने पॅले रॉयालच्या बागेभोवती कमानींचे सज्जे बांधून दुकाने भाड्याने दिली. सोळाव्या लूईने आपल्या या भाऊबंदाची दुकानदार म्हणून थट्टा केल्याचे सांगतात. पण त्या जागेला एक गुण होता. ती राजपुत्राची असल्यामुळे पोलीस तिथे सहज शिरू शकत नसत, म्हणून कॉफीगृहे, जुगार, वेश्यावस्ती, बंदी घातलेली पत्रके हे सगळे तिथे नांदले. १२ जुलै १७८९ ला कामीय देमूलँने लोकांना शस्त्रे हाती घेण्याची हाक तिथेच दिली, आणि दोन दिवसांनी बास्तीयचा तुरुंग पडला. ड्यूकने पैसे वाटून क्रांती घडवली, असे राजनिष्ठांनी पुढे शंभर वर्षे लिहिले. माझ्या मते त्याने क्रांतीला जागा भाड्याने दिली, एवढे निश्चित म्हणता येते.

त्याची स्वतःची वर्तणूक मात्र लपवता येण्यासारखी नाही. नोव्हेंबर १७८७ मध्ये न्यायसभेसमोर राजाने कर्जाचे फर्मान सक्तीने नोंदवायला लावले, तेव्हा हे बेकायदा आहे असे तो राजाच्या तोंडावर म्हणाला आणि त्याबद्दल त्याला आपल्या जहागिरीत हद्दपार व्हावे लागले. जून १७८९ मध्ये तो काही सरदारांसह तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधींच्या, सभेत जाऊन बसला. सप्टेंबर १७९२ मध्ये त्याने ‘एगालिते’, म्हणजे समता, हे आडनाव घेतले. जानेवारी १७९३ मध्ये कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे क्रांतिकाळातल्या राष्ट्रसभेत, सोळाव्या लूईच्या शिक्षेवर मतदान झाले तेव्हा ७२१ पैकी ३६१ मते बिनशर्त मृत्युदंडाला पडली, आणि त्यांतले एक फिलिप एगालितेचे होते. जहाल प्रतिनिधींनाही ते किळसवाणे वाटले. एप्रिलमध्ये त्याचा थोरला मुलगा सेनापती द्यूमूरिएबरोबर शत्रूच्या गोटात पळाला, बाप अटकेत पडला, आणि ६ नोव्हेंबरला गिलोटिनने त्याचेही डोके उडवले. थोरल्या शाखेने हे एक मत कधीही विसरले नाही. १८३० आणि १८७३ या दोन्ही साली राजनिष्ठांच्या मनात कायद्याच्या मुद्द्यांपेक्षा तेच जास्त होते, असे मला त्यांचे लेखन वाचून वाटते.

पळालेला मुलगा म्हणजे लूई फिलिप. व्हाल्मी आणि जमापच्या लढायांत तो प्रजासत्ताकाच्या सैन्यातून लढला होता. नंतर त्याने स्वित्झर्लंडमधील राइखेनाउच्या शाळेत खोट्या नावाने शिक्षकी केली, अमेरिकेत भटकला, लंडनजवळ राहिला आणि १८०९ साली पालेर्मो येथे मारी अमेलीशी लग्न केले. ही सोळाव्या लूईच्या राणीची, मारी अँत्वानेतची, सख्खी भाची. राजाला मृत्युदंड देणाऱ्याच्या मुलाला तिने स्वीकारले, यातच दोन्ही शाखांचा समेट होऊ शकला असता. १८१४ मध्ये अठराव्या लूईने त्याची न विकली गेलेली मालमत्ता आज्ञापत्राने परत दिली आणि १८२५ मध्ये दहाव्या शार्लच्या काळात कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. ज्या राजाची गादी त्याने पाच वर्षांनी घेतली, त्यानेच त्याचा आपानाज पक्का करून दिला होता.

आता ‘बळकावले काय’ या भागाचे उत्तर. जुलै १८३० मध्ये दहाव्या शार्लने वृत्तपत्रांवर बंधने घालणारी आणि मताधिकार घटवणारी फर्माने काढली. २७, २८ आणि २९ जुलैला पॅरिस लढले. उठाव लूई फिलिपने घडवला नव्हता. तो त्या दिवसांत शहराबाहेर होता. पत्रकार त्येर आणि त्याचे सहकारी यांना प्रजासत्ताकही नको होते आणि जुना राजाही नको होता, म्हणून त्यांनी ऑर्लेआँच्या ड्यूकचे नाव भिंतीवर चिकटवले. इथवर त्याच्याकडे दोष जात नाही. २ ऑगस्टला दहाव्या शार्लने मुकुट सोडला, पण आपला नऊ वर्षांचा नातू हेन्री याच्यासाठी सोडला, आणि राज्याचा मुख्य प्रतिनिधी या नात्याने त्याचे राज्यारोहण जाहीर करण्याचे काम लूई फिलिपवर सोपवले. दुसऱ्या दिवशी सभागृहांपुढे लूई फिलिपने राज्यत्यागाची वार्ता सांगितली आणि नातवाचा उल्लेख गाळला. हा गाळलेला उल्लेख म्हणजे त्याच्या राज्याचा पाया. ७ ऑगस्टला ४३० पैकी फक्त २५२ प्रतिनिधी हजर असलेल्या सभागृहात २१९ मतांनी त्याला गादी देण्यात आली, आणि ९ तारखेला तो ‘फ्रान्सचा राजा’ न होता ‘फ्रेंचांचा राजा’ झाला. त्याने सातवा फिलिप हा अनुक्रमांकही घेतला नाही, कारण त्याला जुन्या मालिकेतला राजा व्हायचे नव्हते. म्हणून ‘बळकावले’ हा शब्द मी वापरणार नाही, पण ठेव म्हणून मिळालेला कागद त्याने दडपला, हे म्हणायला कचरणारही नाही.

त्याच ७ ऑगस्टला त्याने आणखी एक दस्त केला, आणि विद्यार्थ्यांना मी तो नेहमी वाचायला सांगत असे. जुन्या नियमाप्रमाणे गादीवर येणाऱ्या राजाची खाजगी मालमत्ता राज्याच्या मालमत्तेत विलीन होते. राजा होण्याच्या दोन दिवस आधी लूई फिलिपने आपली खाजगी मालमत्ता, हयातीतला उपभोग स्वतःकडे ठेवून, मुलांना बक्षीस दिली. थोरल्या मुलाला वगळले, कारण तो पुढे राजा व्हायचा होता. आपानाज सरकारजमा झाला, दुसरा खिसा मात्र वाचला. मुकुट टिकेल याचा त्याला स्वतःलाच भरवसा नव्हता, हे या दस्ताइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. मुकुट खरोखरच टिकला नाही. युवराज १८४२ मध्ये घोडागाडीच्या अपघातात गेला. २४ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिस पुन्हा उठले तेव्हा म्हाताऱ्या राजाने आपल्या नातवासाठी राज्यत्याग केला. तो नातू, पॅरिसचा काउंट, त्या दिवशी नऊच वर्षांचा होता, आणि सभागृहाने त्यालाही स्वीकारले नाही. अठरा वर्षांपूर्वी हेन्रीचे वयही तेवढेच होते. लूई फिलिप १८५० साली इंग्लंडमध्ये वारला. जानेवारी १८५२ मध्ये लूई नेपोलियनने ते बक्षीसपत्र नियमाला बगल देणारे म्हणून रद्द करून मालमत्ता जप्त केली. फ्रेंचमध्ये ‘व्हॉल’ म्हणजे उड्डाण आणि चोरीही. गरुड हे नेपोलियनच्या घराण्याचे चिन्ह. त्यामुळे हे गरुडाचे पहिले ‘व्हॉल’ आहे, अशी कोटी पॅरिसभर झाली. १८७२ च्या कायद्याने जे विकले गेले नव्हते ते कुटुंबाला परत मिळाले.

१८७० नंतर दोन्ही शाखांना अखेरची संधी आली. १८७१ च्या राष्ट्रसभेत राजसत्तावाद्यांचे बहुमत होते. तो नऊ वर्षांचा हेन्री आता शाँबोरचा काउंट म्हणून ऑस्ट्रियात फ्रोसडॉर्फ येथे राहत होता, आणि त्याला मूल नव्हते. हिशेब सरळ होता : आधी त्याने राज्य करावे, नंतर ते पॅरिसच्या काउंटकडे जावे. ५ ऑगस्ट १८७३ ला पॅरिसच्या काउंटने फ्रोसडॉर्फला जाऊन त्याला घराण्याचा प्रमुख म्हणून मान दिला. आजोबांनी गाळलेला उल्लेख नातवाने त्रेचाळीस वर्षांनी भरून काढला, असे याला म्हणता येईल. पण ऑक्टोबरच्या अखेरीस शाँबोरचे पत्र प्रसिद्ध झाले : क्रांतीचा तिरंगा तो स्वीकारणार नाही, झेंडा जुन्या राजांचा पांढराच राहील. सगळे तिथे आटोपले. जानेवारी १८७५ मध्ये प्रजासत्ताक ३५३ विरुद्ध ३५२ मतांनी, एका मताने, घटनेत शिरले.

शाँबोर १८८३ मध्ये वारला आणि थोरली फ्रेंच पाती संपली. बहुसंख्य राजनिष्ठांनी पॅरिसच्या काउंटला मानले. मूठभरांनी मात्र राजाला मृत्युदंड देणाऱ्याचा वंश मानण्यापेक्षा स्पेनच्या बूर्बाँकडे पाहणे पसंत केले. मे १८८६ मध्ये पॅरिसच्या काउंटची मुलगी अमेली हिचा विवाह पोर्तुगालच्या युवराजाशी ठरला आणि पॅरिसमध्ये थाटाचा समारंभ झाला. त्याने घाबरून प्रजासत्ताकाने जूनमध्ये गादीचे दावेदार व त्यांचे थोरले वारस यांना देशाबाहेर घालवले. लूई फिलिपची ही पणती पुढे पोर्तुगालची, म्हणजे तेव्हाच्या गोव्याचीही, राणी झाली. १९०८ साली लिस्बनमध्ये तिचा नवरा आणि थोरला मुलगा तिच्या डोळ्यांदेखत गोळ्यांनी मारले गेले. हद्दपारीचा कायदा १९५० मध्ये उठला.

राहिला ‘खरा दावेदार कोण’ हा प्रश्न. स्पॅनिश शाखा चौदाव्या लूईच्या नातवाची, ऑर्लेआँ त्याच्या भावाची. त्यामुळे रक्ताने स्पॅनिश शाखा थोरली, यात शंका नाही. १७१२ चे त्यागपत्र खरे मानले तर ऑर्लेआँ. फ्रान्सच्या जुन्या मूलभूत नियमांनुसार मुकुट ही राजाची मालमत्ता नाही, म्हणून ती त्याला सोडताही येत नाही, असा स्पॅनिश पक्षाचा युक्तिवाद आहे; त्याच नियमांच्या बळावर १५८९ मध्ये चौथा हेन्री, ज्याचे मागच्या राजाशी पुरुषवंशातले नाते तीनशेहून अधिक वर्षे जुने होते, गादीवर आला. याच अर्थाने बूर्बाँ हे स्वतः कापेत या फ्रान्सच्या जुन्या राजवंशाची धाकटी पातीच आहेत. उलट बाजूने म्हणतात, की तो आंतरराष्ट्रीय तह आहे आणि परकी राजे झालेल्यांनी देशच सोडला. सप्टेंबर १७८९ मध्ये फ्रेंच घटनासभेने यावर तीन दिवस खल केला आणि त्यागपत्रांच्या परिणामाबद्दल काहीही न ठरवता, असे शब्द घालून विषय मोकळा ठेवला. नियम काटेकोर वाचले तर स्पॅनिश पक्ष बळकट आहे, असे माझे मत आहे. पण या दोहोंपैकी फ्रान्समध्ये ज्या राजघराण्याला प्रत्यक्ष पक्ष, वृत्तपत्रे आणि मतदार होते ते ऑर्लेआँच.

वंशावळी वाचताना एक खूण उपयोगी पडते. आजच्या स्पॅनिश पक्षाच्या दावेदाराला, १९७४ साली जन्मलेल्या लूईला, त्याचे अनुयायी ‘विसावा लूई’ म्हणतात. ऑर्लेआँ पक्षाच्या, १९६५ साली जन्मलेल्या जाँला ‘चौथा जाँ’ म्हणतात. ग्रंथकाराने यांपैकी कोणता अनुक्रमांक छापला आहे ते पाहिले, की १७१२ चा तो कागद त्याने खरा धरला आहे की नाही हे पुढची पाने न उलटताही कळते.